काटकसरीचा स्वयंपाक: वाणसामानापासून बेरीपर्यंत

घरात पैशांची ओढाताण सुरू झाली की पहिली कात्री स्वयंपाकघराला लागते, कारण घरभाडे, शाळेची फी आणि कर्जाचा हप्ता यांना हात लावता येत नाही. दूध लिटरावरून अर्ध्या लिटरवर येते, फळे बंद होतात आणि पातेल्यात उरेल तेवढ्यावर भागवण्याची पाळी बहुधा घरातल्या बाईवर येते. ही काटकसर म्हणजे पोट मारणे झाले, आणि त्याआधी करण्यासारखे पुष्कळ असते. धान्य दळणे, डाळी व मसाले भाजणे, कडधान्य भिजवून मोड आणणे आणि दूध विरजणे ही चार कामे गेल्या काही वर्षांत बहुतेक शहरी घरांनी बाहेर देऊन टाकली आहेत. ती परत घरात आणली तर ताटातले पदार्थ तेच राहून खर्च उतरतो. या कामांत अंगमेहनत फारशी नाही. रात्री काय भिजवायचे आणि सकाळी काय उपसायचे याची आठवण मात्र ठेवावी लागते.

आधी वही

एक महिनाभर काहीही न बदलता नुसती नोंद ठेवावी. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून डावीकडे कच्चा माल लिहावा, म्हणजे धान्य, डाळी, तेल, दूध, भाजी. आणि उजवीकडे तयार माल लिहावा, म्हणजे तूप, दही, पनीर, मसाल्यांची पाकिटे, इडलीचे पीठ, मोड आलेली कडधान्ये, फरसाण, बिस्किटे, सोललेला लसूण. महिनाअखेरीला दोन्ही बाजूंच्या बेरजा कराव्यात. डावीकडच्या खर्चाला हात लावण्याची घाई करू नये. उजवीकडची यादी पाहून त्यांतले काय घरी होऊ शकते एवढेच ठरवावे, आणि एका महिन्यात एक किंवा फार तर दोन गोष्टी डावीकडे आणाव्यात. सगळे एकदम अंगावर घेणारी माणसे तिसऱ्या आठवड्यात थकतात आणि मग बाहेरून वडापाव येतो.

दुकानात भाव पाहताना पाकिटाची किंमत न पाहता वजनामागची किंमत पाहावी, जी आता बहुतेक पाकिटांवर छापलेली असते. तेलाच्या बाबतीत विशेष लक्ष द्यावे, कारण १ लिटर तेलाचे वजन १ किलो भरत नाही, ते सुमारे ९१० ग्रॅम भरते, आणि काही पिशव्यांत त्याहूनही कमी तेल असते. लिटरची पिशवी आणि किलोचा डबा यांची तुलना करताना दोन्ही ग्रॅममध्ये आणल्याशिवाय स्वस्त कोणते ते कळत नाही.

ज्यांच्याकडे प्राधान्य गटाची शिधापत्रिका आहे त्यांना २०१३च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार दर महिन्याला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला एकूण ३५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३पासून ते मोफत आहे. रेशनच्या तांदळात कधी कधी काही दाणे वेगळे, किंचित पिवळसर दिसतात आणि धुताना तरंगतात. त्यांना प्लॅस्टिकचा तांदूळ समजून अनेकजणी निवडून टाकतात. ते लोह व जीवनसत्त्वे घालून तयार केलेले दाणे असतात आणि १०० किलोला १ किलो या प्रमाणात मुद्दाम मिसळलेले असतात. ते निवडू नयेत. हा तांदूळ रोजच्या भाताला आवडत नसेल तर आंबोळी, घावन आणि इडली यांसाठी उत्तम लागतो.

बेगमी, पण बेताची

वर्षाचे सामान एकदम भरण्याची पद्धत ज्या घरांत होती त्या घरांत माळा होता, पिंप होते आणि उन्हासाठी अंगण होते. दोन खोल्यांच्या घरात तिची हुबेहूब नक्कल करण्यात अर्थ नाही, आणि त्यासाठी उसनवारी करणे तर काटकसरीच्या विरुद्धच आहे. मात्र कोणती वस्तू कधी स्वस्त व चांगली मिळते हे ठाऊक असले तर फेब्रुवारीपासून मेपर्यंत दर महिन्याला एकेक वस्तू थोडी जास्त घेऊन ठेवता येते. नवी तूर आणि हळद या सुमारास बाजारात येते, रब्बीची ज्वारी येते, लसणाच्या जुड्या येतात, चिंच येते, लाल मिरच्या येतात. मार्च-एप्रिलमध्ये नवा गहू येतो. चिंच फोडून, चिंचोके व शिरा काढून, मीठ लावून बरणीत दाबून भरली की वर्षभर काळी पडली तरी बिघडत नाही.

कांद्याची गोष्ट नीट समजून घेण्याजोगी आहे. दिवाळीच्या आगेमागे येणारा लाल कांदा टिकत नाही. तो आठवड्याला लागेल तेवढाच घ्यावा. एप्रिल-मेमध्ये येणारा उन्हाळी कांदा, ज्याला बाजारात गावठी किंवा गावरान म्हणतात, तो चार-पाच महिने सहज टिकतो. घेताना मान बारीक व वाळलेली आणि वरचे पापुद्रे कोरडे असलेला पाहून घ्यावा, जाळीच्या टोपलीत किंवा पलंगाखाली पसरून ठेवावा, आणि बटाट्यांशेजारी ठेवू नये, कारण दोघेही एकमेकांच्या संगतीत लवकर खराब होतात. आठवड्यातून एकदा हात फिरवून मऊ लागणारा किंवा कोंब आलेला कांदा आधी वापरावा.

धान्याला किडीपासून वाचवायचे तर ओल जायला हवी. गहू, ज्वारी आणि अख्खी कडधान्ये यांना दोन-तीन दिवस कडक ऊन द्यावे आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरावीत. गरम धान्य झाकून ठेवले तर आत पाणी सुटून बुरशी येते. तांदळाला मात्र ऊन देऊ नये, तो चिरतो आणि शिजताना त्याची कणी होते. त्याला सावलीत पसरून वारा द्यावा. तूरडाळीला व गव्हाला हात जेमतेम तेलकट होईल एवढे एरंडेल चोळतात, ते अवश्य करावे, वापरण्यापूर्वी धुतले की वास राहत नाही. तांदळाला बोरिक पावडर लावण्याची चाल अजून अनेक घरांत आहे. ती पावडर विषारी आहे आणि धुतल्यावर सगळी जातेच असे नाही. तिच्याऐवजी वाळवलेला कडुनिंबाचा पाला किंवा सुक्या मिरच्या घालाव्यात. रवा आणल्या दिवशीच कोरडा भाजून ठेवावा. बेसन, मैदा आणि शेंगदाणे यांची बेगमी करूच नये.

दळण आणि भाजणी

गिरणीतून आणलेली कणीक पाकिटातल्या पिठापेक्षा स्वस्त पडते, ताजी असते आणि तिच्या पोळ्या जास्त वेळ मऊ राहतात. चार माणसांच्या घराने पंधरा दिवसांचे दळण आणावे. ज्वारी-बाजरीचे मात्र आठवड्याच्या वर आणू नये. बाजरीचे पीठ कडू होते, आणि ज्वारीचे पीठ जुने झाले की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना कडेने चिरत जाते आणि नवशिक्या सुनेला वाटते की आपल्यालाच येत नाही. असे पीठ टाकून देऊ नये. जेवढे पीठ तेवढेच पाणी उकळावे, त्यात मीठ व पीठ घालून, गॅस बंद करून, दहा मिनिटे झाकावे आणि मग मळावे. उकड काढलेल्या या पिठाची भाकरी फाटत नाही. गिरणीत आपल्या आधी कुणाचा हरभरा दळला असेल तर पहिल्या दोन-चार मुठी पिवळसर येतात, त्यावरून वाद घालण्यापेक्षा त्या बाजूला काढून धिरड्याला वापराव्यात. चाळून निघालेला कोंडाही धिरड्यात किंवा भाकरीच्या पिठात जातो. कोंड्याचा मांडा करणे ज्यांना जमते त्यांचा महिना सहसा तुटत नाही.

दळणाच्या जोडीने एक भाजणी करून ठेवली तर महिन्यातल्या निदान सहा-सात वेळच्या जेवणाची चिंता मिटते. अर्धा किलो ज्वारी, अर्धा किलो बाजरी, पाव किलो तांदूळ, पाव किलो हरभरा डाळ, सव्वाशे ग्रॅम उडीद, सव्वाशे ग्रॅम गहू, शंभर ग्रॅम धणे आणि पंचवीस ग्रॅम जिरे हे प्रमाण धरावे, आणि घरात जे धान्य जास्त असेल त्याप्रमाणे बिनधास्त बदलावे. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजणे मात्र चुकवू नये. एकत्र घातले तर जिरे जळते आणि उडीद कच्चे राहतात, आणि कच्च्या उडदाची भाजणी थापताना चिकट होते. ज्वारीचे काही दाणे फुटू लागले, हरभरा डाळीचा खमंग वास सुटला आणि तांदूळ पांढरे फटक होऊन फुलले की उतरवावे. धणे-जिरे नुसते गरम करावे. सगळे परातीत पसरून गार करावे आणि किंचित भरड दळून आणावे.

या पिठात कांदा, मिरची, मीठ, तीळ आणि कालची उरलेली जवळजवळ कोणतीही कोरडी भाजी मळून थालीपीठ लावता येते. काकडीचे, दुधीचे किंवा कोबीचे पाणी पिठात मुरू द्यावे, वरून पाणी कमी लागते. तव्यावर थापून मधोमध भोक पाडावे, चमचाभर तेल सोडून झाकण ठेवावे, आणि मंद आचेवर खालची बाजू तांबूस झाल्याशिवाय उलटू नये. सोबत ताक असले तर आणखी कशाची गरज नाही.

मोड

मोड आलेल्या मटकीचे पाकीट विकत घेणे म्हणजे बऱ्याच अंशी पाण्याचे पैसे मोजणे होय, कारण पाव किलो कोरड्या मटकीची भिजून, मोड येऊन दुपटीच्या वर मटकी होते. रात्री जेवणे आटोपल्यावर मटकी निवडून, धुऊन, चौपट पाण्यात भिजत घालावी. सकाळी पाणी उपसून, आणखी एकदा धुऊन, ओल्या सुती फडक्यात सैल बांधावी आणि चाळणीत ठेवून वर झाकण घालावे. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड येतात. थंडीत दुसरा दिवस उजाडतो, आणि गाठोडे गरम पातेल्याशेजारी ठेवावे लागते. गाठोडे घट्ट बांधले किंवा पाणी नीट निथळू दिले नाही तर बुळबुळीत होऊन वास येतो. न भिजणारे टणक दाणे, ज्यांना गणंग म्हणतात, ते याच वेळी निवडून टाकावेत. दातांचा खर्च मटकीपेक्षा मोठा असतो.

पाव किलोच्या या मटकीचा दोन दिवसांचा बेत असा होतो. मोड थोड्या जास्त पाण्यात मीठ घालून बोटचेपे शिजवावेत आणि वरचे पाणी काढून घ्यावे. त्या पाण्याला लसूण-जिऱ्याची फोडणी, आमसूल आणि गुळाचा खडा दिला की कळण तयार होते, ते भातावर घ्यावे, म्हणजे त्या वेळी डाळ लावावी लागत नाही. शिजलेल्या मटकीची कांदा-खोबरे व गोडा मसाला घालून उसळ करावी. न शिजवलेली मूठभर मटकी वाफ देऊन कोशिंबिरीत घालावी. दुसऱ्या दिवशी उरलेल्या उसळीत पाणी व तिखट वाढवून वर पोहे आणि कच्चा कांदा घातला की मिसळीची हौसही भागते.

मूग, चवळी आणि मसूर यांचेही असेच करावे. कुळीथ अजूनही गरिबाचे म्हणून बाजूला टाकले जाते, ते चुकीचे आहे: मोड आणून उसळ, भाजून-भरडून-दळून पिठले आणि शिजवलेल्या पाण्याचे कळण असे तीन पदार्थ त्याचे होतात, आणि भाकरीबरोबर कुळथाच्या पिठल्याला तोड नाही. तूरडाळीचा भाव बहुतेक वर्षी हरभरा आणि मसूर डाळीच्या वर असतो. आमटीसाठी निम्मी तूर व निम्मी मसूर घेतली तर चिंच-गुळाच्या आमटीत फरक कळत नाही. वरण मात्र तुरीचेच करावे, तिथे तडजोड जिभेला लगेच समजते.

दुधाचा शेवटपर्यंत उपयोग

दुधातून जेवढी बचत होते तेवढी घरातल्या दुसऱ्या कोणत्याही वस्तूतून होत नाही. फुल क्रीम दुधात ६ टक्के स्निग्धांश असतो आणि टोन्डमध्ये ३ टक्के. रोज १ लिटर फुल क्रीम दूध घेणाऱ्या घरात आठवड्याला सुमारे ४२० ग्रॅम स्निग्धांश येतो. त्यातला निम्मा जरी सायीत उतरला तरी आठवड्याला २०० ग्रॅमच्या आसपास तूप घरचे होते, आणि साय काढलेले दूध चहाला, दह्याला व मुलांना चालतेच. तुपाची वेगळी बरणी विकत आणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

दूध उकळल्यावर आच मंद करून पाच-सात मिनिटे तसेच राहू द्यावे, ढवळू नये, आणि जाळीच्या झाकणाखाली गार होऊ द्यावे. पूर्ण झाकणाखाली वाफेचे पाणी सायीवर पडते व ती पातळ येते. गार झालेले पातेले फ्रिजमध्ये पाच-सहा तास राहिले की जाड पापुद्रा निघतो. ही साय एका डब्यात जमवावी, पहिल्याच दिवशी तीत चमचाभर दही घालावे, आणि डबा फ्रिजमध्ये ठेवून आठवडाभर रोजची साय त्यात मिसळत जावी.

आठव्या दिवशी डबा बाहेर काढून चार-पाच तास ठेवावा, म्हणजे विरजण नीट लागते. मग मोठ्या पातेल्यात रवीने किंवा मिक्सरमध्ये थांबत थांबत घुसळावे. उन्हाळ्यात बर्फाचे पाणी आणि थंडीत जेमतेम कोमट पाणी घातले की लोण्याचे कण वर येऊन गोळा जमतो. गोळा काढून दोन-तीन पाण्यांत धुवावा, शेवटचे पाणी नितळ दिसले पाहिजे. ताक राहिले तर तुपाला आंबूस वास येतो आणि बेरी, म्हणजे तूप कढवताना तळाशी बसणारा गाळ, तीही जास्त साचते.

लोणी जाड बुडाच्या भांड्यात मध्यम आचेवर ठेवावे. प्रथम फेस येतो, मग तडतड आवाज करीत पाणी उडून जाते, आणि आवाज मंदावू लागला की तिथून हलू नये. फेस पातळ होऊन खालची बेरी बदामी दिसली की लगेच गॅस बंद करावा, कारण भांड्याच्या उष्णतेने तूप आणखी थोडे कढतेच. एखादे विड्याचे पान टाकले तर तुपाला चांगला वास येतो. नसले तर मिठाचे दोन खडे टाकावेत, तूप रवाळ होण्यास मदत होते. कोमट असताना गाळून कोरड्या बरणीत भरावे.

उरले ताक. ते त्याच दिवशी संपवावे. दोन-तीन वाट्या ताकाला चमचाभर बेसन लावून कढी करावी आणि उकळी न फुटू देता ढवळत गरम करावी. संध्याकाळी उकड होते: १ वाटी तांदळाचे पीठ, २ वाट्या आंबट ताक आणि १ वाटी पाणी एकत्र कालवून लसूण, मिरची, कढीपत्ता यांच्या फोडणीवर ओतावे, गुठळी मोडत ढवळावे आणि झाकून दोन-तीन वाफा काढाव्यात. पालक किंवा अळूची ताकातली भाजीही होते, तीत मूठभर हरभरा डाळ व शेंगदाणे हवेतच. बेरीत साखर किंवा गूळ कालवला की मुले भांड्याभोवती जमतात. कुणी खायला नसेल तर ती दशम्यांच्या कणकेत मळावी, वेगळे मोहन घालावे लागत नाही.

उरलेसुरले

दोडक्याच्या शिरा आणि दुधीची साल तेलावर कुरकुरीत परतून, तीळ-खोबऱ्याबरोबर वाटून चटणी करावी. फ्लॉवरचे कोवळे दांडे, नवलकोल व मुळ्याचा पाला आणि कोथिंबिरीचे देठ यांचे काय करायचे हे बहुतेकांना ठाऊक असते, फक्त ते निवडताना कचऱ्यात जातात. शिळ्या पोळीचा फोडणीचा कुस्करा किंवा गूळ-तुपाचा लाडू करावा. भाताबाबत मात्र सावध राहावे: उन्हाळ्यात रात्रभर ओट्यावर राहिलेला भात फोडणी देऊनही निर्धोक होत नाही. जेवणानंतर तासा-दोन तासांत तो उथळ डब्यात फ्रिजमध्ये गेला तरच दुसऱ्या दिवशी फोडणीचा भात करावा. तळणीचे तेल गाळून ठेवावे, दोन-चार दिवसांत फोडण्यांना संपवावे आणि तळणीसाठी पुन्हा वापरू नये. रंग काळसर होऊन ते घट्ट वाटू लागले असेल तर फोडणीलाही नको.

काही गोष्टी घरी करून काही वाचत नाही, असे माझे मत आहे. पोहे, चुरमुरे, पाव आणि साबुदाणा विकतच घ्यावेत. पापड चौघींच्या मदतीने होणार असतील तरच लाटावेत. टोमॅटो स्वस्त झाले म्हणून दोन तास गॅस जाळून आटवलेले सॉस दुकानातल्या बाटलीपेक्षा महाग पडते.

गॅस

इंधनाचा खर्च वहीत एका ओळीचा असतो, म्हणून तो डोळ्यांत येत नाही. डाळ अर्धा तास आणि छोले, राजमा रात्रभर भिजवल्याशिवाय कुकरला लावू नयेत. कुकरमध्ये एकाच वेळी खाली डाळ, मध्ये तांदूळ आणि वर बटाटे किंवा बीट असे तीन डबे लावावेत. पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करावी आणि बंद केल्यावर वाफ आपोआप जिरू द्यावी, कारण त्या दहा मिनिटांतही आतले अन्न शिजत असते. रात्री उकडायच्या वस्तू सकाळच्याच कुकरात उकडून ठेवाव्यात. फ्रिजमधली भाजी, दूध आणि भिजवलेली कडधान्ये शिजवण्यापूर्वी थोडा वेळ बाहेर काढून ठेवावीत.

नवे १४.२ किलोचे सिलिंडर लावले की त्या दिवसाची तारीख कॅलेंडरवर लिहावी. स्वयंपाक तेवढाच असून पुढचे सिलिंडर चार-सहा दिवस आधी संपले, किंवा ज्योत निळी न राहता पिवळी जळून भांड्यांची बुडे काळी होऊ लागली, तर बर्नर काढून सोड्याच्या गरम पाण्यात भिजवावा, त्याची भोके टाचणीने साफ करावीत आणि पूर्ण वाळल्यावर परत बसवावा. रबरी नळीला आणि रेग्युलेटरच्या जोडाला साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का पाहावे. आले तर गॅस रेग्युलेटरपाशी बंद करून, खिडक्या उघडून, एजन्सीच्या माणसाला बोलवावे, आणि तोवर शेगडी पेटवू नये.